एक इंजिन बंद पडलं तर? ट्विन-इंजिन विमानाची गोष्ट

(एपिसोडचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत. रिक्षात, बसमध्ये, ऑफिसात गुपचूप वाचणाऱ्यांसाठी.)

हेडफोन लावलेत? नसतील लावले तरी चालेल, वाचा.

आजचा विषय माझ्या आईने दिलाय. ताईची डिलिव्हरी बंगळुरूला व्हायची होती, आणि आई म्हणाली, "मी विमानाने येणार नाही. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढ." मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "ट्रेनचं इंजिन बंद पडलं तर ट्रेन थांबते. विमानाचं बंद पडलं तर?"

आता याला काय उत्तर देणार? "काही होत नाही गं" एवढंच म्हणालो. पण ते उत्तर नव्हतं, आणि तिलाही ते कळलं. मग मी एका ओळखीच्या मुलीला फोन केला. ती एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे. दीड तास बोललो. तिने जे समजावलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते सगळं आज तुमच्यासमोर.

आधी हडपसरला जाऊ

आईच्या डोक्यात जे चित्र आहे ते असं : इंजिन बंद, की विमान दगडासारखं खाली. हे चित्र आधी पुसू.

पुण्यातल्या लोकांना पुरावा शोधायला लांब जायला नको. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिनच नसलेलं विमान. जमिनीवरच्या विंचने दोर ओढून त्याला वर सोडतात, दोर सुटतो, आणि ते निवांत तरंगत राहतं. पंखांवरून हवा वाहत राहिली की पंख विमानाला उचलून धरतात. त्या हवेला इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी काही घेणं-देणं नसतं. तिला वेग हवा असतो. वेग इंजिन देऊ शकतं, नाहीतर हळूहळू उंची सोडूनही तो मिळवता येतो. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडली तरी पळते, तसं.

प्रवासी विमानाचंही तेच. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅट कंपनीचं एअरबस ए३३० अटलांटिक महासागरावर होतं. इंधनगळती झाली आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. ते विमान साधारण १२० किलोमीटर नुसतं तरंगत गेलं आणि अझोर्स बेटांवर उतरलं. आतले ३०६ जण वाचले. १२० किलोमीटर म्हणजे किती? पुण्याहून मुंबईपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर जवळपास तेवढंच आहे.

ही झाली दोन्ही इंजिनं गेल्याची गोष्ट. आपला प्रश्न त्याहून सोपा वाटतो : दोनपैकी एक गेलं तर? गंमत म्हणजे काही बाबतींत तो जास्त फसवा आहे.

बैलजोडीतला एक बैल बसला

बैलगाडी डोळ्यासमोर आणा. दोन बैल सारख्या ताकदीने ओढतायत, गाडी सरळ चाललीय. अचानक डावा बैल खाली बसला. उजवा ओढतोच आहे. गाडी कुठे वळेल? डावीकडे.

विमानात हेच होतं. डाव्या पंखावरचं इंजिन बंद पडलं की उजवं एकटं ढकलतं, आणि नाक डावीकडे फिरतं. नाक फिरलं की डावा पंख मागे पडतो, त्याच्यावरची हवा मंदावते, त्याची उचल कमी होते आणि तो खाली झुकायला लागतो. पंख्याचं विमान असेल तर आणखी एक भर : चालू पंख्याचा झोत उजव्या पंखावर येत असतो, डाव्यावर येत नाही. म्हणजे विमान आधी मेलेल्या इंजिनाकडे वळतं आणि पाठोपाठ त्याच बाजूला कलंडतं. पायलटने काहीच केलं नाही, तर ते उलटंही होऊ शकतं.

म्हणून पहिली हालचाल पायांची. शेपटीवर जो उभा पंख असतो त्याला रडर जोडलेलं असतं, होडीच्या सुकाणूसारखं. ते पायाखालच्या दोन पेडलने हलतं. डावं इंजिन गेलं, नाक डावीकडे चाललंय, तर उजवा पाय दाबायचा. नाक सरळ होईपर्यंत दाबायचा आणि तिथे धरून ठेवायचा.

आता एक सुंदर गोष्ट. उजवा पाय दाबलेला आहे, तर डावा पाय काय करतोय? काही नाही, रिकामा पडलाय. आणि मेलेलं इंजिन कोणतं? डावं. जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. जगभरचे पायलट हे सूत्र पाठ करतात. इंग्रजीत ते 'डेड फूट, डेड इंजिन' असं आहे.

मी तिला विचारलं, "एवढं सोपं आहे?"

ती हसली. "पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरने गुपचूप एका बाजूची पॉवर काढली ना, तेव्हा मी चुकीचा पाय दाबला होता. वर भरपूर उंची होती म्हणून काही नाही. पण पोटात खड्डा पडला. त्या दिवशी कळलं की डोक्याला माहीत असणं वेगळं आणि पायाला माहीत असणं वेगळं."

निम्मी ताकद गेली, मग चढण्याची क्षमता किती गेली?

सगळ्यांचं उत्तर : निम्मी. चूक!

हे हिंजवडीच्या भाषेत सांगतो. नवरा-बायको दोघं कमावतात, प्रत्येकी ५० हजार. घरखर्च ४० हजार. शिल्लक ६०. आता एकाची नोकरी गेली. कमाई निम्म्यावर आली, पण खर्च तेवढाच. शिल्लक किती? १० हजार. उत्पन्न पन्नास टक्क्यांनी घटलं, पण शिल्लक ऐंशी टक्क्यांहून जास्त घटली.

विमानाचा घरखर्च म्हणजे हवेचा विरोध तोडत समपातळीवर उडत राहायला लागणारी ताकद. तो खर्च भागवून जे उरतं त्याच्यावर विमान वर चढतं. आकडे मी समजावण्यापुरते घेतले, पण छोट्या ट्विन-इंजिन विमानांबद्दल प्रशिक्षणात हेच शिकवतात : एक इंजिन गेलं की चढण्याची क्षमता साधारण ८० टक्के किंवा त्याहून जास्त जाते. वर नवीन खर्चही येतो. बंद पडलेला पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा ओढतो. रडर दाबल्यामुळे विमान थोडं तिरकं उडतं, त्याचाही विरोध. राहिलेले दहा हजार बघता बघता संपतात.

त्यात पुण्याचा उन्हाळा. लोहगावचा रनवे समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती तापून आणखी विरळ होते. विरळ हवेत इंजिनाला दम कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. पहाटे जे छोटं विमान एका इंजिनावर कसंबसं चढेल, ते दुपारी चढेलच असं नाही. पायलट मंडळींत एक काळा विनोद आहे : छोट्या विमानाचं दुसरं इंजिन कशासाठी? तर अपघाताच्या जागेपर्यंत पोचवायला.

मग नेमकं करायचं काय?

बारामती, गोंदिया अशा ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये आपली मुलं-मुली कमर्शियल पायलट व्हायला शिकतात. आधी एका इंजिनाच्या विमानावर, मग दोन इंजिनांच्या. दोन इंजिनांच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग एकच असतो : एक इंजिन गेलं तर. क्रम विमानानुसार थोडा बदलतो, पण गाभा असा.

एक. विमान ताब्यात घ्या. पायाने नाक सरळ, हाताने पंख सरळ. नाक थोडं खाली, कारण वेग गेला तर सगळं गेलं.

दोन. ताकद पूर्ण द्या. दोन्ही थ्रॉटल पुढे. कोणतं इंजिन गेलं हे अजून ठरवायचं नाहीये, म्हणून दोन्ही.

तीन. ओझं कमी करा. फ्लॅप्स वर, चाकं आत. हवेत लोंबणारी प्रत्येक गोष्ट त्या उरलेल्या शिल्लकीतून खाते.

चार. ओळखा. रिकामा पाय कोणता?

पाच. खात्री करा. ज्या इंजिनावर संशय आहे त्याचा थ्रॉटल हळूच मागे घ्या. काहीच फरक पडला नाही, पायावरचा जोर तसाच राहिला, तर बरोबर ओळखलंत. विमानाने झटका दिला तर थांबा, तुम्ही जिवंत इंजिनाला हात घातलाय!

सहा. पंखा फेदर करा. म्हणजे त्याची पाती फिरवून वाऱ्याला समांतर करायची. तळहात वाऱ्यासमोर आडवा धरला तर ढकलला जातो, कड वाऱ्याकडे केली तर वारा कापत जातो. तसंच. ब्रेकसारखी ओढणारी पाती शांत होतात.

सात. आता चेकलिस्ट काढा, त्या इंजिनाचं इंधन वगैरे बंद करा, आणि जिथे उतरता येईल तिकडे निघा.

आणि हे सगळं करताना पंख पूर्ण सपाट ठेवायचे नाहीत. जिवंत इंजिनाच्या बाजूला दोन-तीन अंश, जास्तीत जास्त पाच अंश झुकवायचे. त्यामुळे रडरवरचा ताण हलका होतो आणि विमान कमी तिरकं उडतं. बैलगाडीवाला ओढ असेल त्या बाजूला अंग टाकून बसतो ना, थोडं तसं.

लाल रेघ, निळी रेघ

छोट्या ट्विन विमानाच्या वेगाच्या काट्यावर दोन रेघा असतात. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढता येईल असा वेग. तो धरून ठेवायचा.

लाल रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा. रडर काम करतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. वेग कमी झाला की रडरची ताकदही कमी. एका वेगाखाली तुम्ही पेडल तळापर्यंत दाबलं तरी नाक वळायचं थांबत नाही. तीच लाल रेघ. त्याच्या खाली एक इंजिन पूर्ण ताकदीने चालू असेल, तर विमान उलटं व्हायला काही सेकंद पुरतात.

आता विचार करा. विमान चढत नाहीये, समोर झाडं दिसतायत, माणूस काय करेल? नाक वर खेचेल. वेग अजून पडेल. लाल रेघ ओलांडली जाईल. इथेच माणसं जातात.

आणि विमान त्या रेघेखाली वळायला लागलंच, तर उपाय ऐकून चक्रावाल : चालू असलेल्या इंजिनाची ताकद कमी करायची आणि नाक खाली घालायचं. असमतोल जातो, वेग येतो, ताबा परत मिळतो. उंची नसेल तर याचा अर्थ समोर मिळेल त्या मोकळ्या जागेत, ताब्यात असलेलं विमान उतरवणं. ताब्यात राहून शेतात उतरलेलं विमान, उलटं होऊन पडलेल्या विमानापेक्षा शंभरदा बरं.

मग आईचं विमान?

आईला घेऊन जाणारं विमान छोटं ट्विन नाही. मोठ्या प्रवासी विमानांचे नियम फार कडक असतात.

टेक-ऑफच्या आधी पायलट एक वेग ठरवतात, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आधी इंजिन गेलं तर ब्रेक, थांबायचं. त्याच्यानंतर गेलं तर थांबायचं नाही, कारण रनवे पुरणार नाही. एका इंजिनावर उडायचं. आणि विमानाला ते जमलंच पाहिजे, अशीच त्याची परीक्षा घेतलेली असते. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने चाकं आत घेतल्यावर, एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ चढला पाहिजे. म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना २४ मीटर वर, साधारण सात-आठ मजले. हा हिशोब त्या दिवशीचं तापमान, रनवेची लांबी आणि वजन घालून प्रत्येक उड्डाणाआधी होतो. बसत नसेल तर वजन कमी करतात. उन्हाळ्यात कधी सामान मागे राहिलं तर चिडू नका, त्यामागे हाही हिशोब असू शकतो.

आणि 'व्ही-वनला इंजिन गेलं' हा प्रसंग एअरलाइनचे पायलट साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा उडवतात. माझी मैत्रीण म्हणाली, "खरं तर घाईच करायची नाही. सरळ ठेव, चढू दे. निदान चारशे फूट होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. नंतरही एकाने बोट ठेवायचं आणि दुसऱ्याने बघून 'बरोबर' म्हणायचं, मगच लिव्हर हलवायची."

हा दुसऱ्याचा 'बरोबर' किती मोलाचा? ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर-७२ विमानाचा उजवा पंखा टेक-ऑफनंतर आपोआप फेदर झाला. कॅप्टनने गडबडीत डाव्या, म्हणजे चांगल्या इंजिनाची ताकद काढली आणि पुढे ते बंदही केलं. चूक लक्षात आली तोवर उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ जण गेले. एक चांगलं इंजिन शेवटपर्यंत होतं. ते हातानेच बंद झालं.

आपल्याकडचीही एक जुनी जखम आहे. १२ ऑक्टोबर १९७६, इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान मुंबईहून मद्रासला निघालं. टेक-ऑफनंतर लगेच उजवं इंजिन फुटलं. कॅराव्हेलची इंजिनं शेपटीजवळ, अगदी जवळजवळ असतात, त्यामुळे विमान एका बाजूला ओढलं जाण्याचा त्रास तसा कमी. पण फुटलेल्या भागांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली, आणि नियंत्रणं हलवणारं हायड्रॉलिक तेल संपलं. वैमानिक विमान परत आणत होते. रनवे साधारण किलोमीटरभर राहिला असताना ते कोसळलं. ९५ जण होते, कुणीच वाचलं नाही. इंजिन बंद पडणं आणि इंजिन फुटून आग लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथून कळतं. म्हणून 'कधीच काही होत नाही' असं मी आईला सांगणार नाही.

पण त्याच मुंबईची दुसरी तारीखही सांगेन. १९ मे २०२२. एअर इंडियाचं ए३२०निओ बंगळुरूला निघालं, हवेत एक इंजिन बंद झालं. २७ मिनिटांत ते परत मुंबईत उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानाने गेले. पेपरात छोटी बातमी आली आणि दोन दिवसांत सगळे विसरले.

विसरले हेच तर यश आहे ना! २७ मिनिटं दोन माणसांनी शांतपणे क्रम पाळला की काय होतं? बातमी छोटी होते.

शेवटचं

पायलट लोकांचं एक तीन पायऱ्यांचं तत्त्व आहे. मी ते मराठीत असं करतो : आधी उडव, मग वळव, मग बोल. आधी विमान ताब्यात, मग कुठे जायचं ते, आणि सगळ्यात शेवटी रेडिओवर सांगणं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. काही बिघडलं की आधी दहा जणांना फोन.

आईला हे सगळं दोन संध्याकाळी बसून सांगितलं. बैलगाडी तिला लगेच पटली, तिचं बालपण गावी गेलंय. पगाराच्या हिशोबावर म्हणाली, "म्हणून तर मी नोकरी सोडली नाही तेव्हा." तैपेईच्या गोष्टीवर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे इंजिनापेक्षा घाई वाईट."

लोहगावहून पहाटेचं विमान घेतलं. रनवेवर वेग वाढला तसा तिने माझा हात घट्ट धरला. चाकं सुटली, खाली वाघोलीकडचे दिवे दिसायला लागले, तेव्हा हळूच विचारलं, "तो व्ही-वन गेला का रे?"

"गेला."

"मग आता थांबायचं नाही," ती म्हणाली, आणि हात सोडला.

तर मंडळी, एपिसोड आवडला तर विमानाला घाबरणाऱ्या एका माणसाला तरी पाठवा. आणि तुमच्या घरातल्या कुणी असाच साधा, पण उत्तर न देता येणारा प्रश्न विचारला असेल, तर तो आम्हाला कळवा. पुढचा एपिसोड त्याच्यावर करू. भेटू!